जाळीकामाचा छंद

लाकडाच्या फळीला भोक पडले, म्हणजे ती फळी वाया गेली असे व्यवहारी माणूस समजतो. दाराची फळी असो की पेटीचे झाकण असो, ते अभंग असण्यातच त्याची किंमत. परंतु लाकडावरचे एक काम असे आहे, की त्यात फळीला विचारपूर्वक जितकी अधिक छिद्रे पाडावीत, तितकी तिची शोभा वाढत जाते. येथे कारागीर लाकडाला लाकूड जोडून काही उभे करीत नाही. असलेल्या लाकडातून थोडे थोडे काढून टाकतो, आणि जे मागे उरते त्याला आपण नक्षी म्हणतो. या कामास जाळीकाम म्हणतात. शाळांतून हस्तव्यवसायाच्या तासाला ते ‘फ्रेटवर्क’ या इंग्रजी नावाने शिकविले जाई. मला त्याचा छंद लागला तो तेव्हापासून, आणि केस पांढरे झाले तरी तो सुटलेला नाही.

मी राहतो अमरावतीस. अमरावती आणि अकोला ही कापसाच्या व्यापाराने वाढलेली गावे. वस्तू दिसली की तिचा भाव विचारावा, ही येथली जुनी रीत. त्यामुळे माझ्या हातची जाळी पाहिल्यावर पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “याचे किती मिळतात?” “काहीच नाही,” असे मी सांगितले, म्हणजे त्यांच्या मुद्रेवर माझ्याविषयी जी कणव उमटते, ती पाहण्यासारखी असते. एका जाळीला आठ आठ दिवस लागावेत, डोळे शिणावेत, पाती मोडावीत, आणि शेवटी ती जाळी कोणाला तरी भेट म्हणून देऊन टाकावी, हा व्यवहार त्यांच्या जमाखर्चात कोठेच बसत नाही. तो माझ्या जमाखर्चात कसा बसला, तेच येथे सांगावयाचे आहे.

या छंदाचे साहित्य थोडे आहे. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची एक पोलादी कमान, आणि तिच्या दोन टोकांमध्ये ताणून बसविलेले, वीतभरही लांबी नसलेले, जाड दोऱ्यासारखे बारीक पाते. ही झाली आमची करवत. टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळलेली एक आखूड फळी असते. तिच्या पुढच्या अंगास ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असते. कापावयाचे लाकूड या खाचेवर धरावयाचे आणि करवत खालीवर चालवावयाची. याखेरीज छिद्रे पाडण्यासाठी एक लहान गिरमिट, दोन-चार बारीक कानशी, थोडा काचकागद, आणि शेवटी लाकडाला पाजण्यासाठी वाटीभर जवसाचे तेल, एवढे असले की संसार पुरा झाला. अलीकडे विजेवर चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांनी हाताचे श्रम वाचतात. परंतु रेषेवरून पाते नेण्याचे काम त्यांतही हातालाच करावे लागते.

कामाची रीत अशी : नक्षी प्रथम कागदावर काढावी आणि तो कागद लाकडावर चिकटवावा. ज्या ज्या ठिकाणी लाकूड काढून टाकावयाचे, त्या प्रत्येक ठिकाणी गिरमिटाने एक लहान छिद्र पाडावे. मग पात्याचे एक टोक कमानीतून सोडवून त्या छिद्रात ओवावे, पुन्हा ताणून बसवावे, आणि रेषेवरून कापीत कापीत निघालो तेथे परत यावे. आतला तुकडा गळून पडतो. पुन्हा पाते सोडवावे, पुढच्या छिद्रात ओवावे. जाळीत शंभर घरे असली, तर पाते शंभर वेळा सोडवावे आणि शंभर वेळा ताणावे लागते. आतील सर्व कापणे झाल्यावाचून बाहेरची कड कापावयाची नाही. कारण कड आधी सुटली, म्हणजे नाजूक लाकूड धरावयास हाताला जागा राहत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घराजवळ एक वृद्ध सुतार राहत असत. शाळेत करवतीची ओळख झाली. पण करवत चालवावयाची कशी, हे मला त्यांच्या ओट्यावर कळले. ते म्हणत, “करवत ढकलू नोको, पोरा. तिले चालू दे. ते काय म्हनते ते आयकाले शीक.” हे त्यांचे बोलणे अक्षरशः खरे आहे. आमच्या करवतीचे दाते खालच्या बाजूस वळलेले असतात. पाते खाली येताना कापते, वर जाताना नुसते मोकळे जाते. ते नीट कापीत असले, म्हणजे एकसारखा मऊ आवाज येत राहतो. वळणावर आपण घाई केली, की तो आवाज कर्कश होतो. हा त्याचा इशारा असतो. इशारा मानला नाही, तर पाते टचकन मोडते.

शिक्षणात हातांना स्थान असावे, हा विचार आमच्या या भागात मोठ्या अधिकाराने मांडला गेला आहे. अमरावतीच्या पूर्वेला वर्धा आहे. तेथे १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि एखादा हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून मुलांना सर्व शिक्षण द्यावे, अशी योजना पुढे आली. तीच पुढे ‘नई तालीम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या योजनेत सूतकताईसारख्या उपयुक्त उद्योगांवर भर होता. आमचे जाळीकाम त्या मानाने हौशी. त्यातून वस्त्र मिळत नाही की धान्य मिळत नाही. परंतु डोळा, हात आणि मन यांना एका रेषेवर आणून ठेवण्याचे जे शिक्षण त्या योजनेला अभिप्रेत होते, ते या हौशी कामातूनही मिळते, असा माझा अनुभव आहे.

लाकडाचीही ओळख हळूहळू होते. मेळघाटच्या डोंगरांत सागाची मोठी वने आहेत, त्यामुळे आमच्याकडे सागाचे कौतुक अधिक. साग टिकाऊ खरा. पण त्याच्या अंगी वाळूसारखा कठीण अंश असतो, आणि त्याने पात्याचे दाते लवकर बोथट होतात. शिवण फिकट रंगाची, हलकी आणि मनमिळाऊ. नवशिक्याने तिच्यापासून आरंभ करावा. हळदू नावाप्रमाणे पिवळसर आणि अंगाने घट्ट. बारीक नक्षी त्यात उठून दिसते. लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात, त्या दिशेने नक्षीची निमुळती टोके ठेवली, तर ती टिकतात. तंतूंना आडवी ठेवली, तर बोट लागताच तुटतात. थरांच्या फळीत, म्हणजे प्लायवुडात, एका थराचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे असतात, म्हणून ती सर्व बाजूंनी सारखीच बळकट असते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा चढू लागला आणि हवेतला ओलावा नाहीसा झाला, की काल सरळ असलेली फळी आज वाकलेली दिसते. लाकूड तोडल्यावरही हवेशी असलेले आपले नाते सोडत नाही, हे त्या वेळी कळते.

परंतु या कामाचा मुख्य नियम याहून निराळा आहे, आणि तो नमुना काढतानाच पाळावा लागतो. जाळीतील कोणताही भाग एकटा राहता कामा नये. फुलाच्या पाकळीभोवती सर्व बाजूंनी कापीत गेलो, तर ती पाकळी रिकाम्या तुकड्यांबरोबर जमिनीवर गळून पडेल. तिला देठाशी, देठाला वेलीशी आणि वेलीला चौकटीशी कोठे तरी जोडून ठेवावे लागते. या जोडणाऱ्या बारीक भागांना आम्ही ‘दुवे’ म्हणतो. पाहणाऱ्याचे लक्ष फुलाकडे जाते, दुव्याकडे जात नाही. पण कुशल माणसाचा नमुना ओळखावयाचा तो दुव्यांवरूनच. दुवे फार जाड ठेवले, तर नक्षी बोजड दिसते. फार बारीक ठेवले, तर तुटते. आणि ठेवलेच नाहीत, तर नक्षीच उरत नाही.

जाळीची कला आपल्या देशाला नवी नाही. अहमदाबादेस सिदी सय्यदच्या मशिदीत १५७२-७३ मध्ये घडविलेल्या दगडी जाळ्या आहेत. त्यांतील एका जाळीवर फांद्या पसरलेला वृक्ष असा काही उतरला आहे, की तो दगडाचा आहे हे विसरावयास होते. तितक्या दूर जाण्याचेही कारण नाही. अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगेत नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाळी दरवाजा पंधराव्या शतकाच्या अखेरीस, बहमनी राजवटीत बांधला गेला. त्या दरवाजावर दगडी कमळे आहेत, कोरलेले लेख आहेत, आणि पुढे आलेल्या सज्जांना निरनिराळ्या नक्षीच्या दगडी जाळ्या आहेत. वऱ्हाडासारख्या तापणाऱ्या प्रदेशात जाळी ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती उन्हाला अडविते आणि वाऱ्याला आत येऊ देते. आत बसलेल्याला बाहेरचे दिसते. बाहेरच्याला मात्र आतले दिसत नाही.

आमची बारीक पात्याची करवत सोनाराच्या करवतीची सख्खी बहीण. सोन्याचांदीच्या पत्र्यातून नक्षी कापणारा सोनार अशीच कमान आणि असेच पाते वापरतो. फ्रान्सात चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल नावाचा एक थोर कारागीर होऊन गेला. त्याचा काळ १६४२ ते १७३२. तो पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पापुद्रा एकावर एक ठेवून दोन्हींतून एकदमच नक्षी कापीत असे. मग पितळेतून निघालेली फुले कासवाच्या पाठीच्या रिकाम्या घरांत बसत, आणि कासवाच्या पाठीची फुले पितळेच्या घरांत बसत. एका कापण्यातून दोन नक्ष्या तयार होत. एकीने जे गमावले, तेच दुसरीला शोभा देई. पुढे एकोणिसाव्या शतकात शिवणयंत्राप्रमाणे पायाने चालवावयाच्या करवती निघाल्या, आणि हे काम युरोप-अमेरिकेतील घरोघरी हौसेने होऊ लागले. १८९५ मध्ये इंग्लंडात ‘हॉबीज’ नावाचे एक साप्ताहिक सुरू झाले. त्यात फ्रेटवर्कचे नमुने येत, आणि एकाने काढलेली नक्षी हजारो अनोळखी हातांनी कापली जाई.

आमच्याकडे असे साप्ताहिक नव्हते. पण अकोल्याचे ड्रॉइंगमास्तर होते.

त्यांची माझी ओळख एका प्रदर्शनात झाली. ते तेव्हा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. मी मांडलेली एक जाळी त्यांनी उचलली आणि काही न बोलता ती खिडकीच्या उजेडासमोर धरली. जाळी टेबलावर ठेवून पाहिली, तर तिचे गुण दिसतात. उजेडासमोर धरली, म्हणजे तिचे दोष दिसतात, कारण रेषेचा थोडासाही कंप पांढऱ्या उजेडावर काळा होऊन उठतो. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “हात चांगला आहे तुमचा. नमुना कोणाचा?” मी म्हणालो, “माझाच.” “मग त्याची एक प्रत मला द्या, आणि माझ्या दोन घेऊन जा.” आमच्या मंडळाचा जन्म तेथेच झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडळ म्हणजे नाव नाही, नोंद नाही, वर्गणी नाही. दर महिन्याच्या एका रविवारी कधी अमरावतीस, कधी अकोल्यास आम्ही जमतो. अकोल्यास जावयाचे असले, म्हणजे मी बडनेऱ्यास गाडी धरतो. मूर्तिजापूरला आमचे एक शिंपी स्नेही त्याच गाडीत चढतात. दर्यापूरकडचे एक शेतकरी आहेत; पेरणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांत ते जाळ्या कापतात. अकोटच्या एक शिक्षिका आहेत. त्यांना आम्ही सर्वजण नुसते ‘बाई’ म्हणतो. येथे नियम एकच आहे आणि तो मास्तरांनी घालून दिला : जाळी दाखवावयास आणावी, तिच्याबरोबर नमुन्याचा कागदही आणावा, दाखवावी ती जाळी, आणि द्यावा तो कागद. मास्तरांची आणखी एक सवय आम्ही उचलली. तीन पातळ फळ्या एकावर एक ठेवून बारीक खिळ्यांनी पक्क्या करावयाच्या आणि एकदमच कापावयाच्या. एका श्रमात तीन जाळ्या होतात. एक आपली, दोन दुसऱ्यांच्या.

दिलेला नमुना तसाच राहत नाही, ही गोष्ट मला तान्ह्या पोळ्याने शिकविली. पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्यांचे बैल मिरवतात; दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो. ज्या मुलांना नंदी विकत घेता येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी काही नंदी कापतो. मास्तरांनी त्यासाठी एक देखणा बैल काढला. दर्यापूरच्या भाऊंनी तो कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, या बैलाचं वशिंड मांगं गेलं. आता याच्या मानेवर जू कसं ठेवाव?” सगळे हसले. मास्तरांनीही हसत पेन्सिल पुढे केली. भाऊंनी आयुष्यात कधी चित्र काढले नव्हते. पण बैल त्यांनी जन्मभर पाहिला होता. त्यांनी वशिंडाची रेषा बोटभर पुढे सरकविली, आणि तो कागदावरचा बैल एकदम वऱ्हाडी झाला.

एका हिवाळ्यात आम्ही सहाजण नरनाळ्यास गेलो. शहानूरहून वर चढून महाकाळी दरवाजापाशी पोचलो, तेव्हा ऊन सज्जांवर आले होते आणि जाळ्यांच्या सावल्या दगडावर उमटल्या होत्या. पुराण्या दगडाला हात लावावयाचा नाही, असे मास्तरांनी बजावले होते. चौकटीच्या कागदावर, डोळ्यांनी मापे घेत, ते दिवसभर एकच जाळी उतरवीत बसले. दगड छिन्नीने घडतो, लाकूड करवतीने कापले जाते. तरी पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरालाही दुव्यांचाच विचार करावा लागला होता, हे पाहून आम्हांला त्याच्याविषयी आपलेपणा वाटला. संध्याकाळी मास्तरांनी त्या नमुन्याच्या प्रती प्रत्येकाला देण्याचे कबूल केले, आणि आठ दिवसांत त्या टपालाने आल्या.

पुढे काही वर्षांनी मास्तर मुलाकडे मुंबईस गेले आणि पावसाळाभर तेथेच राहिले. अकोल्याचे घर बंद होते. जुन्या मातीच्या भिंतीतील एका कपाटात त्यांचे सारे नमुने होते. पंचवीस वर्षांचे काम, दोनशेहून अधिक कागद. ते परत आले आणि त्यांनी कपाट उघडले, तेव्हा आत मातीचे बारीक बोगदे आणि भुसा यांखेरीज काही उरले नव्हते. वाळवीने कागद तर खाल्लेच, पण ज्या पुठ्ठ्यांत ते बांधले होते, ते पुठ्ठेही खाल्ले. शेजारच्या खुंटीवर टांगलेल्या सागाच्या जाळ्यांना मात्र तिने तोंड लावले नव्हते.

आम्हांला ही बातमी मूर्तिजापूरच्या स्नेह्यांकडून कळली. आम्ही अकोल्यास गेलो, तेव्हा मास्तर ओसरीवर बसले होते. त्यांनी चहा मागविला, सर्वांची विचारपूस केली, मुंबईच्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या. कपाटाविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. टेबलाला आवळलेली खाचेची फळी त्यांनी सोडवून ठेवली होती. एखाद्या घरातील माणूस गेल्यावर तेथे जसे हळू बोलतात, तसे आम्ही हळू बोललो आणि उठलो.

परत येताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाईच म्हणाल्या, “मास्तरांचे नमुने गेले असे आपण म्हणतो, पण ते आपल्या घरी नाहीत का?”

त्यानंतरचे दोन महिने आम्ही जाळी कापली नाही. प्रत्येकाने आपापल्या पेट्या, फडताळे, वह्यांची बासने उलथीपालथी केली. मास्तरांनी ज्यांना ज्यांना कागद दिले होते, त्यांना पत्रे गेली. अकोटहून आले, खामगावहून आले, यवतमाळहून आले. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यास होता, त्याने एकट्याने एकोणीस नमुने पाठविले. काही कागद फाटलेले होते, काहींवर सरसाचे डाग होते. ज्यांच्याकडे कागद उरला नव्हता, त्यांनी आपली जाळीच कागदावर ठेवून पेन्सिलीने तिच्या कडा गिरविल्या आणि लाकडावरून पुन्हा नमुना करून पाठविला. सगळ्या प्रती आम्ही एका पेटीत लावल्या. मोजल्या, तेव्हा एकशे साठाच्या वर भरल्या.

मास्तरांनी ती पेटी उघडली आणि एक एक कागद काढून पाहू लागले. मध्येच थांबून ते म्हणाले, “हे माझे आहेत खरे, पण असे माझे नव्हते.” ते खरे होते. नरनाळ्याच्या जाळीत एक टोक नेहमी तुटत असे. बाईंनी तेथे एक नवा दुवा घातला होता. नंदीचे वशिंड भाऊंनी नेमून दिल्या जागी होते, आणि कोणी तरी त्याच्या पाठीवर झूलही चढविली होती. महालक्ष्म्यांच्या मखरासाठी काढलेली एक वेल यवतमाळच्या कोणा अनोळखी माणसाने दोन्ही बाजूंनी वाढवून दुप्पट लांब केली होती. दिले तेव्हा ते नमुने एका माणसाचे होते. परत आले, ते अनेकांचे होऊन आले होते.

मात्र जे आले नाहीत, त्यांविषयीही सांगितले पाहिजे. चाळीस-एक नमुने कायमचे गेले. ते मास्तरांनी कोणालाच दिलेले नव्हते. “अजून अपुरे आहेत, नीट झाले म्हणजे देऊ,” असे म्हणून ते त्यांनी वर्षानुवर्षे बाजूला ठेवले होते. त्यांचे सर्वांत आवडते काम बहुधा त्यांतच होते. कारण मनुष्य आपल्या अत्यंत आवडत्या वस्तूलाच अपुरी समजत असतो. त्यांपैकी एक-दोन त्यांनी आठवून काढण्याचा प्रयत्न केला. पण हाताला जुनी रेषा सापडेना. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, “जे दिले तेवढे राहिले.”

पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. मी कापलेल्या जाळीचे मला काय मिळते, हे आता मी सांगू शकतो. तिचा कागद आणखी चार घरी आहे, हे मला मिळते. माझ्या हातून ती हरवली, मोडली किंवा मीच उद्या नसलो, तरी दुसऱ्या कोणाच्या टेबलावर तीच नक्षी पुन्हा लाकडातून उमलू शकेल, आणि कदाचित माझ्याहून चांगली उमलेल. पैशाची गोष्ट अशी, की एकाने दिला तर त्याच्याकडचा कमी होतो. नमुन्याचे तसे नाही. तो दिल्याने देणाऱ्याकडचा कमी होत नाही. उलट, न दिल्याने मात्र तो एका कपाटाच्या आणि एका आयुष्याच्या आधारावर राहतो.

आता नमुना पाठवावयास टपालाचीही वाट पाहावी लागत नाही. फोनवर छायाचित्र क्षणात जाते, आणि आमच्यातील तरुण मंडळी तसेच करतात. मास्तर मात्र अजून कागदच पाठवितात. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. बारीक पात्यावर नजर ठरत नाही, म्हणून त्यांनी कापणे सोडले आहे. पण नमुने काढणे सुटलेले नाही, आणि त्यांच्या रीतीत एक बदल झाला आहे : अपुरे म्हणून ते आता काहीच मागे ठेवीत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांचे पाकीट आले. आत एकच कागद होता. डाव्या बाजूस कपाशीचे झाड होते. पाने, बोंडे, उमललेला कापूस, सर्व काही दुव्यांनी नीट जोडलेले. उजवी बाजू कोरी होती. खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरांत लिहिले होते : “येथपर्यंत जमले. पुढचे तुम्ही काढा, आणि भाऊंना दाखवा. कपाशी त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते.” मी शिवणीची एक चांगली फळी निवडून ठेवली आहे. येत्या रविवारी तो कागद घेऊन मी अकोल्याच्या गाडीत बसणार आहे; दर्यापूरच्या भाऊंनाही तेथे बोलावले आहे.